ऐतवडे-भागवत पठार

"मर्यादा किती ठेवली होतीस रे?" उलथन्यानं भाकरी दाबत बाईंनी विचारलं.

"कसली?"

"फोटॉनची. कॉम्प्युटरला कितीपर्यंत मोजायला सांगितलं होतंस?"

"वीस."

"हं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी भाकरी उलटली.

त्या एका 'हं'नं माझा अख्खा दिवस खाल्ला.

नोव्हेंबरातली सकाळ होती. ऑस्ट्रियातल्या एका विद्यापीठाचं गेस्टहाउस, तळमजल्यावरचं सामाईक स्वयंपाकघर. गावाचं नाव सांगत नाही. तिथली माणसं अजून माझ्याशी बरी बोलतात. बाईंना मी जेमतेम दहा मिनिटं ओळखत होतो. जिन्यात भाकरीचा वास आला म्हणून त्याच्या मागोमाग खाली उतरलो, तर त्या शेगडीपाशी पाठमोऱ्या उभ्या. छतावरच्या धुराच्या भोंग्याला त्यांनी अंघोळीची प्लास्टिकची टोपी घातली होती.

"वासावर आलास म्हणजे आपल्याकडचाच," मागे न बघता त्या मराठीत म्हणाल्या. "कुठला?"

"इचलकरंजी. तुम्ही?"

"भुसावळ. कळण्याची भाकरी आहे, ज्वारी-उडदाची. खाशील ना? नाव काय तुझं?"

"सन्मती ऐतवडे."

उलथनं हवेत थांबलं. त्या वळल्या. चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, चष्म्यावर पीठ उडालेलं.

"ऐतवडे-भागवतमधला ऐतवडे? पठारवाला?"

"तोच," मी म्हणालो आणि मान जरा खाली घातली, मोठी माणसं घालतात तशी. परदेशात, दात घासायच्या वेळेला, एका अनोळखी बाईला माझं नाव ठाऊक होतं. आमच्या गल्लीत ते पोस्टमनलाही ठाऊक नव्हतं.

"मी शुभदा वायकोळे."

"तुम्हीपण फिजिक्समधल्या का मॅडम?"

"ताई म्हण. मॅडम म्हटलं की माझी फी भरायची राहिलीय असं वाटतं. हो, फिजिक्स. आज मुलाखत आहे."

"माझीपण. तुमची कुणाकडे?"

"कोफ्लरांकडे."

"माझीपण."

कोफ्लरांकडे जागा एक होती. आम्ही दोघांनी तव्याकडे बघितलं. तव्यावर भाकरीही एकच होती. ताईंनी ती मोडली, मोठा तुकडा मला दिला, ठेच्याची बाटली पुढे सरकवली, तव्यावर दुसरी भाकरी टाकली आणि मग तो मर्यादेचा प्रश्न विचारला.

आता थोडं सांगावं लागेल, नाहीतर त्या 'हं'ची किंमत कळायची नाही. पीएचडी झाल्यापासून कायमची नोकरी लागेपर्यंतची जी वर्षं माणूस सुटकेसवर काढतो, त्यांना पोस्टडॉक म्हणतात. माझी पीएचडी संपली होती, शिष्यवृत्ती संपली होती, पुण्यातल्या हॉस्टेलची खोली महिनाअखेर सोडायची होती. पाठवलेल्या अर्जांना एकजात नकार आले होते. दोन ठिकाणांहून तर अर्ज न करताच आले. घरी मावशीच्या यजमानांनी पतसंस्थेत माझ्यासाठी क्लार्कची जागा धरून ठेवली होती आणि ते दर रविवारी फोन करून ती अजून धरलेली आहे असं कळवत होते. या सगळ्यापुढे माझ्याकडे एकच गोष्ट होती. पठार.

दोन आरशांच्या मध्ये उजेड कोंडायचा, त्यात थोडे अणू सोडायचे आणि बाहेरून लेझरनं आणखी उजेड आत ढकलत राहायचं. जास्त ढकललं तर आतला उजेड वाढणार, हे शेंबडं पोर सांगेल. माझ्या आलेखात तो एका जागी वाढायचा थांबला. कितीही ढकला, रेघ आडवी. भागवत सर, म्हणजे माझे गाइड, त्या आडव्या रेघेवर इतके खूश झाले की त्यांनी तिला आमच्या दोघांची नावं दिली. हे सगळं अर्थात कॉम्प्युटरवर. मी सिद्धान्तवाला, आरसा दाढीपुरता वापरतो.

उजेडाचे कण, म्हणजे फोटॉन, कितीही असू शकतात. आणि 'कितीही' कॉम्प्युटरात मावत नाही. म्हणून त्याला सांगावं लागतं, बाबा रे, अमुक आकड्यापर्यंत मोज, पुढचं सोडून दे. आमच्या धंद्यात सगळेच सांगतात. मी वीस सांगितलं होतं. आधी सोळा, मग अठरा, मग वीस. रेघ हलली नाही. हलली नाही की थांबायचं, अशी पद्धत आहे.

खोलीत येऊन मी टाय बांधला. मग सोडला. मग परत बांधला. बाईंनी का विचारलं असेल? मुलाखतीच्या दिवशी, प्रतिस्पर्ध्याला, तेही ठेचा पुढे करून? मी भागवत सरांना फोन लावला.

"सर, वीस पुरेत ना?"

"काय वीस?"

"मर्यादा, सर."

"अरे, पेपर तपासणाऱ्यांनी विचारलं नाही, तू कशाला विचारतोस?" सर म्हणाले. "टाय बांध आणि जा."

टाय बांधलेलाच होता. मी तो सोडला, लॅपटॉप उघडला, विसाच्या जागी ऐंशी लिहिलं आणि बटण दाबलं. लॅपटॉपनं एक सुस्कारा सोडून लागणारा वेळ दाखवला. उत्तर दुपारी चारच्या सुमारास येणार होतं. माझं भाषण तीनला होतं.

पुण्यात संस्थेची मोठी यंत्रं होती. त्यांनी हे काम जेवणाच्या सुट्टीत उरकलं असतं. पण गुरुवार होता, आणि गुरुवारी पुण्यात वीज जाते. दुसरी भानगड अशी की लॅपटॉपचं झाकण मिटलं की तो झोपायचा. ती सवय मोडायला गेलं तर पासवर्ड मागायचा, पासवर्ड संस्थेच्या पाटणकरांकडे, आणि वीज नसली की पाटणकर आपण होऊन रजेवर जायचे. गेस्टहाउसची खोली दहाला रिकामी करायची होती. कोफ्लरांच्या ऑफिसात ठेवला असता, पण तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विसाचे ऐंशी झालेले दिसले असते. थोडक्यात, सकाळी दहाला मी सूट घालून, दोन्ही हातांवर उघडा लॅपटॉप घेऊन, नैवेद्याचं ताट न्यावं तसा ऑस्ट्रियाच्या रस्त्यावरून निघालो. एका आजीबाईंनी मला वाट दिली.

कोफ्लरांच्या ग्रुपची एक रीत होती. दर गुरुवारी सगळ्यांनी केबल कारनं डोंगरावर जायचं, वर जेवायचं आणि पायी उतरायचं. मुलाखतीचे उमेदवारही त्यातून सुटत नसत. कोफ्लरांचं म्हणणं, फळ्यापाशी कुणीही हुशार दिसतो. माणूस कळतो तो उतारावर.

राइनहोल्ट कोफ्लर म्हणजे साठीचा, दोरीसारखा वाळलेला, पांढऱ्या भुवयांचा माणूस. केबल कारचं दार लागलं तसं त्यांनी माझ्या हातांकडे बघितलं.

"हे तुम्ही बंद करू शकता," ते इंग्रजीत म्हणाले.

"नाही करू शकत, सर."

"का?"

"चालू आहे."

"काय चालू आहे?"

"एक जुनी शंका."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. बाकीचे सहा-सात जण काचेबाहेरचा डोंगर बघू लागले, वेडसर पाहुणा आला की घरातली माणसं भिंतीवरचं घड्याळ बघतात तसे.

शुभदाताई समोर उभ्या होत्या. त्या सरकत सरकत शेजारी आल्या आणि त्यांनी पडद्यात डोकं घातलं.

"ऐंशी घातलेस?" हळूच, मराठीत.

"हो."

"कितपत झालंय?"

"तिसरा हिस्सा."

"शंभर घातले असतेस तर उद्या उत्तर आलं असतं." त्यांनी मफलर काढला आणि लॅपटॉपच्या खाली, माझ्या हातांवर अंथरला. "तापलाय फार. भाजशील."

"ताई, काय येणार ते तुम्हाला माहितीय का?"

"माहीत असतं तर तुला विचारलं असतं का?"

हे उत्तर होतं की टोमणा, ते वर पोचेपर्यंत मला ठरवता आलं नाही.

वरच्या हॉटेलात बॅटरी अखेरच्या घटका मोजू लागली. मी भिंती चाचपत फिरलो. एकुलत्या एका प्लगवर काउंटरवरचं दिव्यांचं हरीण पेटलेलं होतं. ताई सरळ गेल्या, त्यांनी हरीण विझवलं आणि माझी वायर तिथं खोचली. मालक धावत आला. ताई त्याच्याशी जर्मनमध्ये बोलल्या. मला त्यातला 'डॉक्टर' एवढा एकच शब्द कळला. मालकानं माझ्याकडे बघून टोपी काढली आणि तो मागे सरला.

"काय सांगितलंत?"

"पेशंट सिरियस आहे म्हटलं."

जेवायला सगळे एका लांब बाकावर बसले. मी जैन, त्या हॉटेलात मला चालण्यासारखी वस्तू म्हणजे मेनूकार्ड. मी पाव कुरतडत काउंटरकडे बघत होतो. ताईही जेवत नव्हत्या. दर थोड्या वेळानं त्या उठायच्या, हरणापाशी जाऊन वाकून बघायच्या आणि परत येऊन बसायच्या. कोफ्लरांनी त्यांना विचारलं की तुम्ही मागची तीन वर्षं काहीच का छापलं नाहीत.

"एक गोष्ट तपासत होते," ताई म्हणाल्या.

"तीन वर्षं?"

"सापडत नव्हती."

कोफ्लरांनी सूपाकडे बघितलं. मुलाखतीत असं उत्तर देऊ नये एवढं मलाही कळत होतं. मला त्यांची कीव आली आणि लगोलग बरंही वाटलं, आणि बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

उतरताना बारीक गारठलेला पाऊस सुरू झाला, धड पाऊस नाही आणि धड बर्फ नाही. पायवाट ओली. मी लॅपटॉप छातीशी धरून, पाय चाचपून टाकत उतरत होतो. ताईंनी छत्री उघडली आणि माझ्या बरोबरीनं चालू लागल्या. छत्रीखाली लॅपटॉप पुरा होता, मी अर्धा होतो आणि ताई अजिबात नव्हत्या.

"ताई, भिजताय तुम्ही."

"माझं सोड. तू पाय बघ. पडलास तर तुझं काय मोडतंय ते नंतर बघू, हा मोडता कामा नये."

"तुम्हाला काय एवढं पडलंय त्याचं?"

"बोलू नकोस, चाल."

आता मात्र माझ्या डोक्यात उजेड पडला. निदान पडला असं वाटलं. ही बाई माझी चूक सुखरूप खाली पोचवत होती. भाषणाच्या ऐन मध्यावर पठार कोसळावं, कोफ्लरांच्या डोळ्यांदेखत कोसळावं, आणि ते कोसळेपर्यंत मशीन जिवंत राहावं. एवढ्याचसाठी मफलर, एवढ्याचसाठी हरीण, एवढ्याचसाठी छत्री. मला वाटलं, द्यावा फेकून दरीत. लॅपटॉप गेला की शंकाही गेली. पेपर तसाच राहील, पठार राहील, मी राहीन.

नेमके तेव्हा कोफ्लर मागून आले.

"पहिले सहा महिने इथं काय कराल?" त्यांनी विचारलं.

मी एका दगडावर होतो. पुढचा दगड हलत होता. "आधी," मी म्हणालो आणि थांबलो. दगड चाचपला. "जे केलंय," पाय टाकला, "ते भक्कम आहे का," दुसरा पाय आणला, "ते बघीन."

"फार जपून विचार करता तुम्ही," कोफ्लर म्हणाले. त्यांच्या भुवया वर गेल्या होत्या. उतारावरची मुलाखत मी जिंकत होतो, ते केवळ लॅपटॉप हातात असल्यामुळे.

तीनला सेमिनारची खोली भरली. लॅपटॉप मी खिडकीत ठेवला, वायर जोडली आणि भाषण त्यांच्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्हमधून सुरू केलं. ताई पहिल्या बाकावर होत्या, केस अजून ओले. त्यांचं तोंड माझ्याकडे आणि डोळे खिडकीकडे. नीट बोलत होतो मी. आरसे झाले, अणू झाले, दोन विनोद झाले, त्यातला एक लोकांना कळला. मग बटण दाबलं आणि पठार आलं. निळी रेघ, डावीकडून चढत येणारी आणि मग आडवी, सरळ, शांत. खाली लिहिलेलं, ऐतवडे-भागवत.

आता बोलायचं होतं ते मला तोंडपाठ होतं. बोललो असतो तर निभावून गेलं असतं. पण सकाळपासून मी ते ओझं हातात धरून गावभर, डोंगरभर हिंडलो होतो. प्रामाणिकपणा वगैरे म्हणणार नाही. माझे हात दुखत होते.

"हे पठार," मी म्हणालो, "सध्या त्या खिडकीत तपासायला ठेवलंय."

लोक हसले. मग माझा चेहरा बघून थांबले.

"म्हणजे?" कोफ्लर म्हणाले.

"मी मर्यादा वीसची ठेवली होती. आज सकाळी कुणीतरी विचारलं. मला उत्तर देता आलं नाही. आता ऐंशीनं मोजतोय. पाऊण तास लागेल."

कोफ्लरांनी खिडकीकडे बघितलं, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

"ठीक," ते म्हणाले. "वेळ वाया नको घालवायला. तोवर डॉक्टर वायकोळे बोलतील. तुमचं उत्तर आलं की परत तुमच्याकडे येऊ."

ताई जागच्या हलल्या नाहीत.

"मी आत्ता बोलू शकत नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"कारण मीही त्याचीच वाट बघतेय."

सगळ्या माना वळल्या. ताई उभ्या राहिल्या. चष्मा ओढणीनं पुसत, सावकाश इंग्रजीत बोलू लागल्या.

"मी एक प्रमेय सिद्ध केलंय. अशा आरशांच्या पेटीत उजेड कुठंही अडत नाही, आत ढकलाल तसा वाढतच जातो. तीन वर्षांपूर्वी केलंय. दोन पानांचं आहे. छापायला पाठवणार होते त्याच आठवड्यात यांचा पेपर आला. त्यात हे पठार. हे खरं असेल तर माझं खोटं. मला वाटलं, माझ्याच सिद्धतेत कुठंतरी भोक आहे. तेव्हापासून ते शोधतेय. तीन वर्षं दुसरं काही केलं नाही. आज सकाळी हा मुलगा भाकरी खायला आला, म्हणून विचारून टाकलं."

मी रिमोट धरलेल्या हातानं कान खाजवला. उलथनं हवेत का थांबलं होतं, ते आत्ता कळलं. मला वाटलं होतं, माझी कीर्ती.

"तीन वर्षांत त्यांना एक ईमेल करायची," मागून कुणीतरी म्हणालं.

"केली होती," ताई म्हणाल्या. "भागवतांना. त्यांनी कळवलं, पेपर तपासणाऱ्यांनी विचारलं नाही, तुम्ही का विचारता."

हे वाक्य मी ओळखलं. खोलीत दुसऱ्या कुणाला ते ओळखू आलं नाही, एवढाच माझा त्या दिवसातला लाभ.

त्यानंतरचा पाऊण तास मी विसरणार नाही. कुणी गेलं नाही. कॉफी आली, गार झाली. दहा-बारा शहाणी माणसं एका खिडकीकडे तोंड करून बसली होती, आत बाळंतीण असावी तशी. एक जण दर पाच मिनिटांनी उठून बघायचा आणि बोटांनी खुणा करायचा. कोफ्लर येरझारा घालत होते. ताईंनी पायातला बूट काढला, घातला, परत काढला. मी फळा पुसला. तो कोराच होता, तरी पुसला.

मशीनचा पंखा थांबला.

"तू बघ," ताई मला मराठीत म्हणाल्या. "मला नको."

मी खिडकीपाशी गेलो. निळी रेघ डावीकडून चढत आली, नेहमीच्या जागी आली, आणि आडवी न होता वर निघून गेली. कुठंही न अडखळता, आलेखाच्या पार टोकापर्यंत.

काय झालं होतं ते आता सोपं वाटतं. बुटक्या छताच्या खोलीत मी जनावरांची उंची मोजत होतो. छत दोन-दोन इंचांनी वाढवून बघितलं, कुणी उंच निघालं नाही, म्हणून सगळी बुटकीच असतात असं लिहून दिलं. जिराफ बाहेर उभा होता. दोन-दोन इंचांनी तो आत यायचा नव्हता.

"गेलं," मी म्हणालो. "ताई, पठार गेलं."

ताईंनी चष्मा काढून बाकावर ठेवला आणि दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबून बसून राहिल्या.

"तीन वर्षं," हातांच्या आडून त्या म्हणाल्या. "तीन वर्षं मी स्वतःतच भोक शोधत होते रे. लेकीच्या शाळेत गेले नाही. नवऱ्याला म्हटलं, थांब, सापडेल. कुठं काही नव्हतंच."

"सॉरी, ताई."

"गप. पाणी दे."

पाणी प्यायल्या, उठल्या आणि फळ्यापाशी गेल्या. स्लाइड नाही, काही नाही. मी पुसून ठेवलेल्या फळ्यावर त्यांनी पंचवीस मिनिटांत ते दोन पानांचं प्रमेय लिहिलं. मी अनेक भाषणं ऐकलीत. कुणी इतकं भराभरा आणि इतकं मोकळं बोललेलं नंतर ऐकलं नाही. मधेच एकदा त्या चुकून मराठीत शिरल्या, "म्हणजे बघा ना," असं कोफ्लरांना म्हणाल्या, आणि कोफ्लरांनी बघितलं.

मग आम्हा दोघांना बाहेर कॉरिडॉरमध्ये बसवलं. कोफ्लरांना निर्णय पत्रानं कळवायचा तिटकारा होता. त्यांच्याकडे मतं तिथल्या तिथं पडत आणि ते स्वतः येऊन दोघांना एकदमच सांगत. दाराआडून खुर्च्यांचे आवाज येत होते.

"ही माझी शेवटची," ताई समोरच्या भिंतीला म्हणाल्या. "पीएचडीला आठ वर्षं झाली की अर्ज करता येत नाही. जानेवारीत होतात."

"माझी पतसंस्था आहे," मी म्हणालो.

दार उघडलं. कोफ्लर आमच्यासमोर उभे राहिले.

"डॉक्टर वायकोळे," ते म्हणाले. नुसतं नाव. मग माझ्याकडे वळून, "तुम्ही तुमची चूक फार जपून आणलीत. पण जागा एक आहे."

ताईंनी आभार मानले नाहीत. इथल्या शाळेत दहा वर्षांच्या मुलीला मधेच घेतात का, असं त्यांनी विचारलं. कोफ्लर म्हणाले, चौकशी करतो. मी हात पुढे केला, दोघांशी हस्तांदोलन केलं, आणि ते नीट जमलं याचं मला नवल वाटलं.

स्टेशनाकडे जाणाऱ्या बसच्या थांब्यावर आम्ही सुटकेसी घेऊन उभे होतो. पाऊस थांबला होता. सकाळपासून पहिल्यांदाच माझे दोन्ही हात मोकळे होते आणि त्यांचं काय करावं ते सुचत नव्हतं. खिशात घातले, बाहेर काढले.

"आता लिहायचं," ताई म्हणाल्या.

"काय?"

"पेपर. आपण दोघांनी."

"माझं काय आहे त्यात?"

"पहिला आलेख. तुझं ते पठार. ते दाखवल्याशिवाय माझं प्रमेय कुणाला कशाला वाचावंसं वाटेल? उजेड ढकलला की वाढतो, हे शेंबडं पोर सांगेल. वाढत नाही असं एका शहाण्यानं छापलं होतं, म्हणून तर त्याला किंमत."

"आणि भागवत सर?"

"त्यांना मी कळवते. ते विचारतील, का विचारलंत. विचारू देत."

मी हसलो.

"ताई, नावं कशी लावायची?"

"कशी म्हणजे? आपल्याकडे लावतात तशीच. वर्ण..." आणि त्या थांबल्या.

आम्हा सिद्धान्तवाल्यांची रीत आहे, पेपरावर नावं कामाच्या मानानं लावत नाहीत. इंग्रजी वर्णक्रमानं लावतात. माझं आडनाव ए पासून. त्यांचं डब्ल्यूपासून. ताई ओठ हलवत मनातल्या मनात मुळाक्षरं मोजत होत्या, जणू मधे कुठं वाट निघेल.

"तुमचं आधी लावू," मी म्हणालो. "मी सांगतो सगळ्यांना."

"नाही."

"अहो ताई, चूक माझी, प्रमेय तुमचं. आणि जन्मभर लोक म्हणणार ऐतवडे-वायकोळे."

झालंही तसंच. त्या नावावर मला पुढच्या वर्षी दुसरीकडे जागा मिळाली आणि मावशीच्या यजमानांनी धरलेली जागा सोडली. आजही परक्या देशांतली मुलं मला लिहितात, सर, दुसऱ्या पानावरची ती उडी तुम्हाला कशी सुचली. मी त्यांना ताईंचा पत्ता देतो. त्यांना वाटतं, मी टाळतोय.

पण त्या संध्याकाळी बस आली. दार उघडलं. मी बाजूला सरून म्हणालो, "ताई, तुम्ही आधी."

ताईंनी एका हातानं स्वतःची सुटकेस उचलली आणि दुसऱ्या हातानं माझ्या पाठीत असा काही धक्का दिला की मी थेट ड्रायव्हरपाशी पोचलो.

"वर्णक्रमानं," त्या म्हणाल्या आणि मागोमाग चढल्या.